थैलीतील दोन दगड



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘बायबल आणि व्यापारातील सचोटी’ असा सांगितला. चिटणिसांनी तो दोनदा विचारून घेतला. कामगार संघटनेचा माणूस बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत असल्या गोष्टींवर बोलणार, अशी त्यांची समजूत असावी. आणि ती चुकीची होती असेही नाही. त्यातून आम्ही ख्रिस्ती नव्हे. शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते बाजार आवारातल्या हमालांच्या आणि तोलणाऱ्यांच्या संगतीत, आणि रात्री हाती लागेल ते वाचून. तेव्हा धर्मशास्त्राचा अर्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण वजनकाटा आणि मजुरी या दोन गोष्टी आम्हांला कळतात, आणि त्या ग्रंथात या दोन गोष्टींविषयी जे सांगितले आहे त्याच्याबद्दल बोलायला हरकत नसावी.

हा ग्रंथ आमच्या हाती दिला तो नगर जिल्ह्यातून आलेल्या एका वृद्ध ख्रिस्ती हमालाने. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. पाठीवर पोते घेणाऱ्या या माणसाच्या पिशवीत भाकरीबरोबर फडक्यात गुंडाळलेले ‘पवित्र शास्त्र’ असे. एके दिवशी आमचे मागणीपत्र वाचून ते म्हणाले, “पुढारी, तुम्ही हे नवीन काय लिहिलंत? यातलं निम्मं आमच्या मोशेनं लिहून ठेवलंय.” आम्ही हसलो. त्यांनी फडके सोडले.

त्यांनी काढून दिले ते ‘अनुवाद’ या पुस्तकाचे पान. तिथे इस्राएल लोकांना असा नियम घालून दिला आहे की, कोणी आपल्या थैलीत एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड बाळगू नयेत, आणि घरात दोन तऱ्हेची मापे ठेवू नयेत. दगड म्हणजे वजन. हिब्रू भाषेत वजनाला शब्दच दगड हा आहे. आपल्याला यात नवल वाटू नये. आठवडे बाजारात भाजीवालीच्या पारड्यात पावकिलोच्या जागी गुळगुळीत गोटा आपण सर्वांनी पाहिला आहे. थैलीत दोन दगड कशासाठी? घेताना जड, देताना हलका. आपल्याकडे ज्याला ‘मापात पाप’ म्हणतात तेच हे, आणि ते निदान अडीच हजार वर्षांचे जुने आहे.

या नियमातली एक गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. खोटा दगड वापरू नका, एवढेच तो म्हणत नाही; बाळगूच नका म्हणतो. ज्याच्या थैलीत दोन दगड आहेत त्याने आज कोणता काढला याची चौकशी करण्याची गरज नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनेही खोटे वजन वापरणे आणि ते फसवणुकीच्या हेतूने जवळ बाळगणे हे दोन वेगळे गुन्हे मानले होते. कायदे करणाऱ्यांना माणसाचा हात कुठे जातो हे दोन्ही वेळा ठाऊक होते.

आता थोडे त्या काळच्या व्यवहाराविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे नीट उमगणार नाही. त्या प्राचीन काळात इस्राएल लोकांत नाणी नव्हती. चांदीचे तुकडे असत आणि ते तोलून द्यावे लागत. अब्राहामाने बायकोला मूठमाती देण्यासाठी जमीन विकत घेतली, तिची किंमत चारशे शेकेल चांदी. ती त्याने व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने तोलून दिली, असा स्पष्ट उल्लेख ‘उत्पत्ती’त आहे. शेकेल हे मुळात नाणे नव्हे, वजन. यहूदाच्या जुन्या गावांत उत्खननात चुनखडीच्या दगडाची, वर घुमटासारखी आणि खाली सपाट अशी वजने सापडली आहेत. त्यांवरून शेकेल सुमारे ११.३ ग्रॅमचा ठरतो. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेकेल आपल्या तोळ्याचा धाकटा भाऊच.

या दगडांची एक गंमत सांगतो. विषयाला सोडून थोडी आहे, पण आम्हांला फार आवडते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात असे आहे की, पलिष्टी लोकांनी इस्राएलात लोहार राहू दिले नव्हते. नांगराचे फाळ नि कुऱ्हाडी धार लावायला पलिष्ट्यांकडेच न्याव्या लागत. तिथे ‘पीम’ असा एक शब्द येतो. साऱ्या बायबलात तो एकदाच येतो, आणि शेकडो वर्षे त्याचा अर्थ कोणालाच लागला नाही. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ ‘कानस’ असा करून टाकला. पुढे उत्खननात लहान दगड मिळाले, त्यांवर तोच शब्द कोरलेला! वजन शेकेलच्या सुमारे दोनतृतीयांश. म्हणजे पीम ही कानस नव्हे, धार लावण्याची मजुरी होती. भल्याभल्या पंडितांना जे सुटले नाही ते एका वजनाच्या दगडाने सोडवले. ज्याच्या हाती लोहाराची भट्टी, त्याच्या हाती शेतकऱ्याची मान, हेही त्यातून दिसते.

चांदी तोलून द्यायची, हे ध्यानात घेतले म्हणजे आमोसाचे बोलणे कळते. आमोस हा तकोवा गावचा मेंढरे राखणारा आणि उंबरांची निगा राखणारा माणूस. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात, यराबाम दुसरा राज्य करीत असताना, तो उत्तरेकडच्या राज्यात बेथेलला जाऊन उभा राहिला आणि तिथल्या धान्यव्यापाऱ्यांना बोलला. त्याचा आरोप असा : हे लोक शब्बाथाच्या दिवशी मंदिरात बसतात, पण मनात एकच विचार, हा सणाचा दिवस कधी संपतो आणि आपण कोठार कधी उघडतो. धान्य मोजण्याचे एफा नावाचे माप ते लहान करतात आणि शेकेलचा दगड मोठा करतात. नीट पाहा. लहान मापाने गिऱ्हाइकाला धान्य कमी जाते. जड दगडाने त्याची चांदी जास्त येते. एकाच सौद्यात दोनदा फसवणूक, आणि वर धान्यात मातेरे मिसळलेले. शेवटी तो कर्जापायी गरीब माणसालाच विकत घेण्यापर्यंत येतो. किंमत, जोडाभर पायताण. बाजारात ज्याने तीस वर्षे काढली आहेत त्याला हे वर्णन कालच्या मोंढ्याचे वाटेल.

आमोसाला बेथेलच्या पुजाऱ्याने काय सांगितले? तू यहूदाचा, तिकडे जा, तिकडे बोल आणि तिकडेच पोट भर. ‘बाहेरचा पुढारी’ हा शब्द मालकांनी आमच्यासाठी काढला असे आम्ही समजत होतो. तो फार जुना निघाला. आमोसाचे उत्तरही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपण धंदेवाईक संदेष्टा नाही, आपला धंदा गुरांचा आणि उंबरांचा, असे तो सांगतो.

आता मजुरीकडे वळू. येथे आमचा जीव अधिक गुंतला आहे, तेव्हा थोडे लांबले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ या दोन्ही पुस्तकांत असा नियम आहे की, रोजाने लावलेल्या मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. सूर्य मावळण्यापूर्वी ती त्याला द्यावी. तो मजूर आपल्या जातीचा असो की गावात राहणारा परदेशी असो. कारणही दिले आहे : तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. आमच्या देशात १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला, तेव्हा मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि हजार किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात दहा तारखेपर्यंत द्यावा, असे ठरले. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी पाळी संपताच द्यावी असे कलम आहे. म्हणजे मोशेच्या सूर्यास्तापाशी आम्ही पुन्हा येऊन पोहोचलो. कागदावर पोहोचलो. बांधकामावरच्या मुकादमाकडे शनिवारी संध्याकाळी जाऊन पाहावे, म्हणजे कागद आणि सूर्यास्त यांत किती अंतर आहे ते कळेल.

मजुरी न देणारा राजा असला तर? यिर्मया या संदेष्ट्याने तेही सांगून ठेवले आहे. यहोयाकीम राजाने ऐसपैस वाडा बांधला. मोठ्या खिडक्या, गंधसरूचे तक्तपोस, वर तांबडा रंग. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट राबवले. यिर्मयाने त्याला विचारले की, गंधसरू लावण्यात चढाओढ केल्याने का कोणी राजा होतो? तुझा बाप खातपीत होता, पण न्यायाने वागत होता आणि गरिबांचा कैवार घेत होता. पुढे नव्या करारात याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे, असे म्हटले आहे. मजूर ओरडतात हे आम्ही रोज ऐकतो. पण धन्याच्या पेटीत पडून राहिलेला पैसा ओरडतो, ही कल्पना आम्हांला मागणीपत्रात कधी सुचली नाही.

कोणी म्हणेल, हे सारे उपदेश झाले. प्रत्यक्षात कोणी ते मानत होते का? याचे एक उत्तर १९६० साली जमिनीतून निघाले. आश्दोदच्या उत्तरेस समुद्रकाठी एका लहान किल्ल्याच्या उत्खननात शाईने लिहिलेले मातीचे खापर मिळाले, ख्रिस्तापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचे. त्यावर चौदा-एक ओळींचा अर्ज आहे. अर्जदार कापणीचा मजूर. बहुधा लेखनिकाकडून लिहवून घेतलेला. तो किल्ल्याच्या अधिकाऱ्याला विनवतो की, आपण नेहमीप्रमाणे कापणी केली, मोजले, कोठारात भरले. आणि काम पुरे झाल्यावर मुकादम येऊन आपले वस्त्र घेऊन गेला. आपल्याबरोबर उन्हात कापणी करणारे सारे साथी साक्ष देतील. आपला अपराध नाही. आपले वस्त्र परत मिळावे.

आम्ही आजवर शेकडो अर्ज लिहिले. काम पूर्ण केल्याचे सांगणे, वरिष्ठाचे नाव, साथीदारांची साक्ष, आणि शेवटी हक्क मान्य नसेल तर निदान दया करा ही पडती बाजू, यातले काहीही आम्हांला अनोळखी नाही. आणि त्याने वस्त्रच का मागावे? नियम असा होता की, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री त्याच्याजवळ दुसरे काही नसते. जात्याची तळीही गहाण घेऊ नये, कारण ते घराचे पोटच. त्या मजुराला आपल्याला काय मिळायला पाहिजे हे माहीत होते. निकाल त्या खापरावर नाही.

येथे आमच्या अडचणीची एक गोष्ट टाळून चालणार नाही. येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असेल. धनी पहाटे मजूर लावतो, एका दिनाराच्या बोलीवर. मग नऊ वाजता, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि दिवस मावळायला तासभर उरला असतानाही आणखी लावतो. संध्याकाळी सर्वांना एकेक दिनार. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुर करतात. हा दृष्टांत आम्ही एकदा सभासदांपुढे सांगितला, आणि सभा आवरता आवरता पुरेवाट झाली. समान कामाला समान दाम म्हणणाऱ्यांना तो घशाखाली उतरणे कठीण. आम्हांलाही उतरला नव्हता. पण शहरातल्या मजूर नाक्यावर संध्याकाळी चार वाजता उभा असलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला त्या शेवटच्या मजुरांचे उत्तर कळेल. दिवसभर रिकामे का उभे होता, असे विचारल्यावर ते सांगतात, आम्हांला कोणी कामाला लावले नाही. त्यांच्या घरी खाणारी तोंडे कमी नव्हती. आणि हेही पाहावे की, पहिल्यांना ठरलेल्यापेक्षा कमी मिळाले नाही, व मजुरी संध्याकाळीच वाटली. दृष्टांत देवाच्या कृपेविषयी आहे, वेतनश्रेणीविषयी नाही, असे दादा म्हणत. असेल. आम्ही आमच्या सोयीने वाचतो.

ठरलेली मजुरी बदलणाऱ्याचे उदाहरण हवे असेल तर लाबान पाहावा. याकोब त्याच्याकडे वीस वर्षे राबला. सासऱ्याने दहा वेळा माझी मजुरी बदलली, अशी त्याची तक्रार आहे. आज मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवणारी पोरे आमच्याकडे येतात. दर खेपेचा दर मोबाइलवर दिसतो आणि आठवड्याला बदलतो. का बदलला हे सांगायला समोर लाबानही नसतो. दगडही असाच अदृश्य झाला आहे. २०१७ साली उत्तर प्रदेशात पोलिसांनी पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात बसवलेली इवलीशी चीप सापडली. आकडा पुरा, तेल कमी. एफा लहान करण्याला आता सुतार लागत नाही.

हा ग्रंथ सर्वस्वी आमच्या बाजूचा आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. सचोटीवर बोलायचे तर तागडी इथेही सरळ धरली पाहिजे. त्याच ‘लेवीय’ पुस्तकात परक्या लोकांतून गुलाम विकत घ्यायला आणि ते वारशाने मुलांना द्यायला मुभा आहे. भावाकडून व्याज घेऊ नये, परक्याकडून घ्यावे, असे ‘अनुवाद’ सांगतो. आमच्या परंपरेतही असे हिशेब पुष्कळ आहेत, तेव्हा बोट दाखवण्याचा हा प्रसंग नाही. पण दादांशी आमचा वाद व्हायचा तो यावरच.

आणि व्यापाऱ्यांनाच बोलून आपण सुटलो असेही नाही. ‘नीतिसूत्रां’त गिऱ्हाइकाचे मोठे मार्मिक चित्र आहे. विकत घेताना ते म्हणते, माल वाईट, अगदी वाईट. आणि घरी जाताना स्वस्तात मिळाल्याची बढाई मारते. दुकानात छापील किमतीला मान डोलावणारे आपण मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून म्हातारीशी हुज्जत घालतो. समोरच्या रांगांतून हसू ऐकू आले, तेव्हा उदाहरणे देत नाही.

घेतलेले परत कसे करावे, याचाही हिशेब तिथे आहे. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर एकाला चार, बैलाला पाच. पण ज्याने फसवणूक केली आणि स्वतःहून कबूल केली, त्याने मूळ वस्तू आणि वर तिचा पाचवा हिस्सा ज्याचा त्याला द्यावा, आणि मग देवापुढे अर्पण घेऊन जावे. आधी शेतकऱ्याचे घर, मग देऊळ. यरीहोचा जकातदारांचा मुख्य जक्कय याने येशूचे घरी स्वागत केले तेव्हा, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट देतो म्हणाला. म्हणजे त्याने कबूल करणाऱ्याचा सवलतीचा दर न घेता चोराचा दर स्वतःला लावला. हे आम्हांला फार मोठे वाटते.

आता जे सांगायचे ते आमच्याविषयी आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाजार आवारात एका शेतकऱ्याने चाळीस पोती ज्वारी आणली. घरी शंभर किलोचे पोते भरून आणलेले. इथे प्रत्येक पोते अर्धा किलो कमी भरू लागले, आणि तेवढी भर त्याला घालावी लागली. वीस किलोच्या पाच लोखंडी वजनांपैकी एकाच्या बुडाशी जादा शिसे ओतले होते. वजन व्यापाऱ्याचे, तोलणारा आमचा सभासद. तक्रार झाली, दुसऱ्या दिवशी ते वजन जागेवर नव्हते, आणि बाजार समितीच्या चौकशीत तोलणाऱ्याचा परवाना जायची वेळ आली. आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो. गरीब माणूस, घरात पाच खाणारी, शेतकऱ्याजवळ पुरावा काय, असे सारे बोललो. जिंकलो. संध्याकाळी कार्यालयात कोणी पेढे आणले.

दादांनी पेढा घेतला नाही. ‘लेवीय’ काढले आणि एक जागा दाखवली : न्याय करताना मोठ्याची भीड धरू नये, आणि गरिबाचीही धरू नये. आम्ही रागावलो. गरिबाची भीड धरायची नाही तर संघटना कशाला, असेही बोलून गेलो. दादा म्हणाले, “तो शेतकरी सावकार होता का?”

दोन दिवसांनी आम्ही तोलणाऱ्याला बाजूला घेऊन विचारले. वीस किलोचे वजन दिवसातून शेकडो वेळा उचलणाऱ्या हाताला अर्धा किलो कळत नाही, असे त्याने आमच्या तोंडावर सांगितले नाही. दिवाळीला व्यापारी त्याला पायलीभर ज्वारी देई. त्याला माहीत होते. आणि खरे सांगायचे तर चौकशीच्या दिवशी आम्हांलाही संशय होता. आम्ही विचारले नव्हते, एवढेच.

चाळीस पोत्यांची वीस किलो. पाचवा हिस्सा चार. चोवीस किलो ज्वारी विकत घेतली, अर्धे पैसे त्याचे, अर्धे आमचे, आणि एस.टी.ने त्या गावी गेलो. शेतकऱ्याने गावातल्या सोसायटीच्या काट्यावर पिशवी तोलली आणि विचारले, “वरची चार कशाची?” आम्ही सांगितले. तो थोडा वेळ बसून राहिला. मग वीस किलो घरात नेली आणि उरलेली पिशवी आमच्यापुढे ठेवली.

“ही चार ज्यानं शिसं ओतलं त्याच्या दुकानातनं आणा,” तो म्हणाला, “मग घेतो.”

पुढच्या सोमवारी आम्ही तोलणाऱ्याला घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने कानांवर हात ठेवले. तोलणाऱ्याला त्या गाळ्यावर पुन्हा काम मिळाले नाही. त्याला दुसरीकडे लावून घ्यायला आम्हांला चार महिने लागले. ती चार किलो ज्वारी युनियनच्या कपाटात तोवर होती. पावसाळ्यात तिला सोंडे लागले.